तुम्ही विचारलंत म्हणून: दाबोळीवरचं सगळ्यात मोठं विमान

मी गोव्यात वाढलो म्हटलं की पुण्यात लोक आधी माशांचं विचारतात. पण वास्कोला, विमानतळाच्या जवळच राहायचो असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग दाबोळीला पाहिलेलं सगळ्यात मोठं विमान कोणतं?" ऑफिसात विचारतात, सोसायटीत विचारतात, परवा एका लग्नात जेवणाच्या रांगेतही विचारलं. घाईत असलो की मी "अँटोनोव्ह १२४" म्हणून सांगून टाकतो. उत्तर चूक नाही. पण ते दिल्यावर दर वेळी मला काहीतरी लपवल्यासारखं वाटतं, म्हणून आज नीट सांगतो.

आमचं मूळ सावंतवाडीचं. बाबा मुरगाव बंदरात नोकरीला होते आणि विमानतळाजवळच्या चिखली गावात एका जुन्या घराचा अर्धा भाग आम्ही भाड्याने घेतला होता. घरमालकीण दुसऱ्या अर्ध्यात राहायच्या, त्यांना सगळे आंटी म्हणत. त्या घराच्या खिडक्यांना काच नव्हती. जुन्या गोव्यातल्या घरांना असायची तशी शिंपल्यांची तावदानं होती: लाकडी चौकटीत बसवलेले चपटे, पातळ शिंपले, ज्यांतून उजेड येतो पण पलीकडचं दिसत नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझ्या गोष्टीत त्या खिडक्यांचं काम आहे.

दाबोळीचं विमानतळ पोर्तुगीजांनी १९५० च्या दशकात जांभ्याच्या पठारावर बांधलं. रनवे एकच, पूर्व-पश्चिम, आज सुमारे ३,४०० मीटर लांब. तळ नौदलाचा, आयएनएस हंसा, आणि नौदलाच्या सरावातून उरलेल्या वेळात प्रवासी विमानं. माझ्या लहानपणी दिवसाला मोजकीच विमानं यायची आणि मुंबईचं आलं की दिल्लीचं, हे आम्हाला न बघता आवाजावरून कळायचं.

१९८८ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस मी दहा वर्षांचा होतो. परीक्षा चालू होत्या. दुपारी मी पाटावर वही ठेवून गणितं सोडवत होतो आणि खिडकीतला एक शिंपला आपल्या खाचेत टकटक वाजायला लागला. मग दुसरा, मग सगळी खिडकी. आवाज मागून आला. जेटसारखा चिरत येणारा नाही, खालचा, जाड, आणि त्यातच एक लाट होती. वर जायची, खाली यायची, वर जायची. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्यावर जी लहर ऐकू येते ना, ती छातीत ऐकू यावी तसं. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि काही न सुचून तिने दोन्ही तळवे खिडकीवर दाबून धरले. मी अंगणात पळालो तोवर ते खाली उतरलं होतं. दोन माडांच्या मधून मला फक्त शेपूट दिसलं.

संध्याकाळी बाबांनी स्कूटर काढली. बोगमाळोच्या रस्त्यावर आमच्यासारखी आणखी वीस-पंचवीस माणसं कुंपणापलीकडे काही दिसतंय का म्हणून उभी होती. बंदरावर त्यांना सगळ्या बातम्या लागत. ते म्हणाले, "रशियाचं आहे. तुपोलेव्ह. पाणबुड्या हुडकायला आणलंय." मी विचारलं, "एवढं मोठं कशाला?" ते म्हणाले, "अरे, समुद्र केवढा आहे!"

नंतर मोठेपणी मी या विमानाबद्दल मिळेल ते वाचलं. तुपोलेव्ह १४२ म्हणजे रशियाच्या तुपोलेव्ह ९५ या बाँबफेकी विमानाचं समुद्रावर गस्त घालणारं रूप. पंखांची रुंदी ५० मीटर, पूर्ण भरल्यावर वजन १८५ टन. पंख जेटसारखे मागे वळलेले, पण इंजिनं पंख्यांची, आणि तरी वेग जेटच्या जवळपास जाणारा. चार इंजिनं, प्रत्येकावर एकामागे एक दोन पंखे, दोघांची दिशा उलट. म्हणजे आठ पंखे, बत्तीस पाती. एकेका पंख्याचा व्यास साडेपाच मीटरच्या वर, आमच्या चिखलीच्या घराच्या भिंतीपेक्षा उंच. पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाच्या आसपास फिरत असतात. पुढचा पंखा हवा कापतो आणि त्याच कापलेल्या हवेला मागचा उलटा कापतो. तो जाड आवाज तिथून यायचा, आणि चार इंजिनांचे पंखे एकमेकांशी किंचित मागेपुढे फिरले की आमच्या खिडकीत ती लाट यायची. या इंजिनावर दुसऱ्या महायुद्धानंतर रशियात नेलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन इंजिनिअरांनी काम केलं होतं. कुठल्या कुठे सुरू झालेली गोष्ट, आणि थरथरायचे आमचे शिंपले.

भारताने अशी आठ विमानं घेतली. ती नौदलाच्या ३१२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनकडे आली, जिचं नाव अल्बाट्रॉस. आणि मग चार वर्षं ती आमच्या घरातलीच होऊन राहिली. एकदा उडालं की दहा-दहा तास समुद्रावर, त्यामुळे पहाटे गेलेलं संध्याकाळी परतायचं. आईने हळूहळू घर त्यांच्याप्रमाणे लावून घेतलं. मांडणीवरच्या पितळी डब्यांच्या मध्ये जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या आल्या. देवघरातली समई भिंतीपासून चार बोटं पुढे सरकली. पहाटे लाट सुरू झाली की ती अर्धवट झोपेत उठायची, खिडकीवर तळवे ठेवायची, आणि आवाज समुद्राकडे गेला की परत येऊन पडायची. पलीकडून आंटींचा आवाज यायचा, "आयलो गो तुझो रशियन!" येत असो की जात असो, त्यांच्यासाठी तो आयलोच.

मला त्या आवाजाची भीती कधी वाटली नाही. झोपेत तो आला की उलट बरं वाटायचं. एवढं मोठं काहीतरी रात्री आपल्यावरून जातंय आणि त्यातली माणसं जागी आहेत, हे मला तेव्हाही कळत होतं, शब्द नव्हते एवढंच.

१९९२ च्या उन्हाळ्यात स्क्वॉड्रन तमिळनाडूत अरक्कोणमला गेली. आम्हाला कोणी सांगितलं नाही, सांगण्याचं कारणही नव्हतं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एके दिवशी माझ्या लक्षात आलं की बरेच दिवस खिडकी वाजली नाही.

त्याच स्क्वॉड्रनकडे आधी सुपर कॉन्स्टेलेशन होती. ती मी उडताना पाहिलेली नाहीत, बाबांनी पाहिली. एकेकाळी एअर इंडियाने याच विमानांनी परदेशचे प्रवासी नेले. मग ती हवाई दलाकडे गेली आणि १९७६ मध्ये नौदलाकडे, दाबोळीला. त्यातलं एक बोगमाळोच्या रस्त्यावरच्या नौदलाच्या विमान संग्रहालयाबाहेर उभं आहे. हे संग्रहालय १९९८ मध्ये उघडलं. गोव्यात गेलात तर समुद्रावर जायच्या आधी अर्धा तास तिथे थांबा, असं मी प्रत्येकाला सांगतो. तीन शेपट्या, आणि माशाच्या पाठीसारखं किंचित वाकलेलं अंग. खाऱ्या वाऱ्यात उभं राहून रंग उडालाय, पण बाजूने पाहिलं की ते वळण अजून डोळ्यात भरतं.

या जातीच्या विमानाची एक गोष्ट चिखलीतले म्हातारे लोक सांगायचे आणि इतिहासातही ती नोंदलेली आहे. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या रनवेवर बाँब टाकले. तळावर तेव्हा दोन मोठी प्रवासी विमानं उभी होती, एक पोर्तुगालच्या कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक गोव्यातल्या पोर्तुगीज कंपनीचं चार इंजिनांचं डग्लस. रनवेला खड्डे पडले, विमानं मात्र वाचली. त्या रात्री खड्ड्यांची घाईघाईने डागडुजी करून, उरलेल्या अपुऱ्या रनवेवरून दोन्ही विमानं अंधारात उडाली आणि कराचीला पोचली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. आमच्या शेजारचे एक आजोबा तेव्हा तरुण होते. ते सांगायचे की दिवसभराच्या बाँबपेक्षा त्यांना रात्रीची ती दोन उड्डाणं जास्त लक्षात राहिली, कारण गावात दिवे बंद होते, काही दिसत नव्हतं, आणि आवाज वर चढतोय की डोंगरावर येतोय हे कळायला मार्ग नव्हता.

चार्टर विमानांबद्दल फार लिहीत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून युरोपातून पर्यटक भरून विमानं यायला लागली. पुढच्या दशकात ब्रिटिश पाहुण्यांना घेऊन तिसरं इंजिन शेपटीत असलेली ट्रायस्टार यायची. त्यानंतर रशियनांचा काळ आला आणि जंबो ७४७ सुद्धा दाबोळीला उतरलेलं पाहिलं. छोट्या टर्मिनलसमोर ते उभं राहिलं की इमारतीला विमान नाही, विमानाला इमारत जोडली आहे असं वाटायचं. पण ती पाहुणी विमानं होती. आमच्या खिडकीला त्यांनी कधी हात लावला नाही.

आमचीच म्हणावी अशी दुसरी विमानं म्हणजे इल्युशिन ३८. तुपोलेव्हपेक्षा लहान, चार पंख्यांची, १९७७ पासून दाबोळीला असलेली. १ ऑक्टोबर २००२ ला त्यांच्या स्क्वॉड्रनला पंचवीस वर्षं झाली म्हणून संचलन होतं आणि दोन इल्युशिन हवेतच एकमेकांना घासून कोसळली. दोन्हींतले मिळून १२ नौसैनिक गेले, जमिनीवरचीही माणसं गेली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागलो होतो. बाबांचा फोन आला. नेहमी मोठ्याने बोलणारे बाबा त्या दिवशी हळू बोलत होते. म्हणाले, "आपली दोन गेली रे." कंपनीच्या जिन्यात उभा राहून मी रडलो. त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हतो, पण त्यांच्या पंखांखाली मी गृहपाठ केला होता. उरलेली इल्युशिन पुढे वीसेक वर्षं उडत राहिली. शेवटचं २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झालं.

आता अँटोनोव्ह. डिसेंबर २००९. नौदलासाठी घेतलेली पहिली मिग २९-के विमानं रशियाहून सुटी करून आणली गेली, ती अँटोनोव्ह १२४ च्या पोटातून दाबोळीला. त्याच सुमारास मी पुण्याहून घरी येत होतो. रनवे एकच असल्याने प्रवासी विमानालाही नौदलाच्या बाजूजवळूनच जावं लागतं. खिडकीतून मला ते दिसलं. नाक वर उचललेलं होतं. अख्खा जबडा कपाळावर दुमडलेला, आणि पुढची चाकं वाकवून ते जमिनीकडे झुकलं होतं, बैल बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो तसं. आत एक बोगदा, आणि बोगद्याच्या तोंडाशी मुंगीएवढी माणसं. पंखांची रुंदी ७३ मीटर, चाकं चोवीस. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मोबाईल काढला, तेवढ्यात सूचना झाली की हा संरक्षण दलाचा तळ आहे, फोटो काढायला मनाई आहे. त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. आमच्या विमानाने वळण घेतलं आणि ते दृश्य मागे गेलं.

तर मापाने सगळ्यात मोठं ते. त्याचा फोटो माझ्याकडे नाही, तुपोलेव्हचाही नाही. लोक फोटो मागतात आणि नाही म्हटल्यावर थोडे हिरमुसतात. कुंपणाशेजारी वाढलेल्या आम्हा पोरांकडे कोणाकडेच फोटो नाहीत. आमच्याकडे आवाज आहेत. वास्कोचा माझा एक मित्र अजूनही ती लाट ओठ मिटून हुबेहूब काढतो आणि आम्ही दोघं गप्प होतो.

तुपोलेव्ह १४२ विमानं २०१७ च्या मार्चमध्ये निवृत्त झाली. त्यातलं एक विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर ठेवलं आहे, लोकांना आत जाता येतं. रस्त्याच्या पलीकडे वाळूवर कुरसुरा ही पाणबुडी, तीही संग्रहालय म्हणून. पाणबुड्या शोधणारं विमान आणि पाणबुडी समोरासमोर, दोन्ही रशियात बनलेली, दोन्ही थांबलेली. मागच्या वर्षी मुलीला घेऊन गेलो. इंजिनाखाली उभा राहून पाती मोजली. लहानपणी कुंपणापलीकडून कधी मोजता आली नव्हती. प्रत्येक इंजिनावर आठ. मुलीने विचारलं, "बाबा, हे वाजायचं कसं?" मी प्रयत्न केला, पण मला मित्रासारखं जमत नाही.

तिथूनच सावंतवाडीला आईला फोन लावला. बाबा आता नाहीत. म्हटलं, "आई, चिखलीत असताना ते रशियन यायचं बघ पहाटेचं, त्याच्याखाली उभा आहे."

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिथे जवळपास कोणाची घरं आहेत का रे?"

"समोर समुद्र आहे. आणि ते आता उडत नाही, आई."

"बरं," ती म्हणाली. "आत गेलास की नमस्कार कर."

मी केला.