तुम्ही विचारलंत म्हणून: जिप्सीचं अ‍ॅव्हरेज खरंच किती पडलं?

गोव्यातल्या वाळपईच्या बाजारात गाडी उभी केली की कुणीतरी टायरवर चपलेचं टोक मारून बघतं आणि विचारतं, "मामा, एवढे मोठे टायर घातल्यावर अ‍ॅव्हरेज किती पडलं?" मी "थोडं पडलं" म्हणतो आणि सुटतो. गेल्या चवथीला मात्र भाच्यानं पिच्छाच पुरवला. त्याला जिम्नीला मोठे टायर घालायचेत. म्हणून एकदाच नीट सांगतो.

माझी १३०० सीसीची जिप्सी. कुळागर (सुपारीची बाग) व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, आणि पावसाळ्यात वाटेवर चाकोऱ्या इतक्या खोल पडतात की मधला उंचवटा डिफरन्शियलला (आसाच्या मधोमध लोंबणाऱ्या गिअरच्या गोळ्याला) घासायचा. मूळ टायर २०५/७० आर १५, मी घातले २३५/७५ आर १५. हे आकडे वाचायला सोपे आहेत: रुंदी २३५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंची. हिशेब केला तर मूळ टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर, नव्याचा ७३३. म्हणजे टायर अडीच इंचांनी मोठा, पण डिफरन्शियल उचललं गेलं फक्त सव्वा इंच, कारण वाढीचा निम्मा भाग आसाच्या वर जातो. त्या सव्वा इंचासाठी नवीन रुंद रिम घेतले (मूळ रिम या टायरला अरुंद पडतात), स्प्रिंगच्या पाट्यांना गाडी उचलणारे शॅकल घातले, आणि तरीही पूर्ण स्टिअरिंग वळवलं की पुढचा टायर मडगार्डला घासतो तो घासतोच. आतल्या बाजूला तांबड्या चिखलाचा अर्धगोल कायमचा उमटलाय.

आता अ‍ॅव्हरेज. आधी लिटरला दहा किलोमीटर मिळायचं. टायर बदलल्यावर टाकी फुल करून मोजलं तर ८.२. घरात यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण ८.२ हा आकडा मीटरवरच्या किलोमीटरांवरून काढलेला, आणि मीटरला टायर बदलल्याचं कोण सांगणार? जिप्सीच्या मीटरची केबल ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या आसांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीतून) निघते. तिथला शाफ्ट किती फिरला एवढंच तिला कळतं. टायर ९.८ टक्के मोठा, म्हणजे मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी खरी ११० च्या आसपास चालून आलेली असते. ८.२ चे झाले ९. पडलं ते एक, दोन नव्हे. आणि ते एक खरं आहे: टायर जड, रबर खरखरीत, आणि सगळे गिअर दहा टक्क्यांनी लांब झाल्यासारखे. चोर्ला घाटात पूर्वी चौथ्यात ओढायची तिथे आता तिसरा टाकावा लागतो, आणि ब्रेकलाही पाय जास्त दाबावा लागतो. अ‍ॅव्हरेजपेक्षा मला ब्रेकची काळजी जास्त, पण ते कुणी विचारत नाही.

हे सगळं मी कागदावर काढलं, तरी कागदावर माझा भरवसा नाही. म्हणून जुने टायर काढायच्या आधीच टायरवर खडूची रेघ मारली, तशीच एक खाली रस्त्यावर, आणि भाच्याला गाडी ढकलायला लावून मोजून दहा फेरे पुढे नेली. टेप लावली: २० मीटर २० सेंटिमीटर. नव्या टायरवर तेच केलं: २२ मीटर ४०. दोन्ही आकडे कागदापेक्षा कमी, कारण गाडीच्या वजनाने टायर खाली थोडा बसतो. पण फरक आला जवळजवळ ११ टक्के, ९.८ नाही! दोन दिवस डोकं खाल्लं. मग जुन्या टायरवरून हात फिरवला तेव्हा उजेड पडला. ते झिजून गुळगुळीत झाले होते. झिजलेला टायर लहान असतो, म्हणजे माझा मीटर आधीही टक्काभर जास्तच दाखवत होता.

पुढची गंमत वेगाच्या काट्याची. जुन्या टायरवर काटा ६० वर असताना फोनचं जीपीएस ५७ सांगायचं. नव्यावर काटा ६० असताना ६३. मी म्हटलं, चूक तीनाचीच आहे, पाच टक्के दुरुस्ती पुरे. इथेच बहुतेक जण फसतात. काटा मुळातच थोडा जास्त दाखवील असा ठेवलेला असतो. युरोपातला नियम तर स्पष्टच आहे: काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवायचं तर दहा टक्के अधिक ४ किलोमीटर, त्यापुढे नाही. किलोमीटरच्या आकड्यांना असली सूट नसते. ते केबलवर दात्यांनी बांधलेले, तर काटा फिरत्या लोहचुंबकाच्या ओढीवर आणि बारीक स्प्रिंगच्या ताणावर. एकाच केबलवरचे दोघे, पण बोलतात वेगळं. म्हणून दुरुस्ती किलोमीटरवरून करायची. काटा आपोआप त्याच्या जागी येतो.

किलोमीटर मोजायला मी आधी गेलो तो चोर्ला घाटात, आणि सगळा हिशेब चुकला. झाडीत जीपीएस भरकटतं आणि वळणं छाटून सरळ रेघ मारतं. मग हायवेवर गेलो. जीपीएसवर ५० किलोमीटर, मीटरवर ४५.५. म्हणजे कागदावरचे ९.८ टक्केच शेवटी बरोबर निघाले.

उपाय दोन होते. ट्रान्सफर केसमधलं केबलचं गिअर कमी दात्यांचं घालायचं, समजा २२ च्या जागी २०. पण दाते कमी झाले की गिअर लहान होतं आणि जोडीदारात नीट बसेलच असं नाही. मी दुसरा धरला. बेळगावात एका मीटर दुरुस्तीवाल्याने केबलच्या मधोमध बसणारा दातेरी डबा लावून दिला. आता ५० ला ४९.८ येतात, आणि काटा ६० वर असताना जीपीएस ५७ ते ५८. भाच्याच्या जिम्नीत असली केबल नाही, तिथे चाकांवरचे सेन्सर आहेत आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) त्यांच्याच आकड्यांवर चालतं. त्यात वायर कापून डबी घालू नकोस, एवढंच मी त्याला सांगितलं. शिवाय तो २१५/७५ घेणार असेल तर फरक दीड टक्क्याचा. मीटरला हात लावायची गरजच नाही.

आणि कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याच्या विरुद्ध आहेत. माझे टायर त्यात बसतात असा दावा मी करणार नाही. विमेवाल्यानेही तोंड वाकडं केलं होतं.

एक चूक मात्र माझीच. पैसे वाचवायला मोठे टायर चारच घेतले, स्टेपनी जुनी ठेवली. भर पावसात कुळागराच्या वाटेवर मागचा पंक्चर झाला आणि एका बाजूला लहान, दुसऱ्या बाजूला मोठा अशी गाडी आली. फोर व्हील लावायची सोय नाही, कारण जिप्सीत पुढच्या-मागच्या आसांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसतं, आणि वेगवेगळ्या मापांची चाकं एकमेकांशी भांडून ट्रान्सफर केस खातात. टू व्हीलवर रखडत, दोनदा चिखलात रुतत घरी पोचलो. पाचवा टायर दुसऱ्याच दिवशी घेतला.

डबा बसवायच्या आधी गाडी मोठ्या टायरांवर मीटरप्रमाणे ३,१०० किलोमीटर फिरली होती, म्हणजे खरी ३,४०० च्या वर. ते तीनशे मीटरवर कुठेच नाहीत. म्हणून डॅशबोर्डच्या खणात आरसी बुकाला एक चिठ्ठी टाचून ठेवलीय: "मीटरमध्ये ३०० मिळवणे." उद्या गाडी विकली तर घेणाऱ्याला ती आधी दाखवीन. भाचा म्हणतो, मामा, हे वाचून कोण घेणार?