गरम फरशी की लोकरीचे मोजे?

थंडीत सकाळी उठून पहिला पाय फरशीवर टेकवला की जी शिरशिरी थेट मस्तकात जाते ना, तिच्यावरून आमच्या घरात दोन हिवाळे वाद चालला होता. माझं म्हणणं फरशीखाली हीटिंग घालूया, आईचं म्हणणं मोजे घाल की. आता सगळं करून झाल्यावरही आईच्या मुद्द्याला माझ्याकडे धड उत्तर नाहीये, पण मधल्या काळात मी यावर इतकं वाचलं, इतक्या मिस्त्र्यांचं डोकं खाल्लं की म्हटलं लिहूनच टाकावं.

तर यात दोन प्रकार असतात. एक पाण्याचा, म्हणजे कोब्याच्या आत प्लॅस्टिकचे पाइप नागमोडी फिरवायचे आणि त्यातून कोमट पाणी खेळवायचं. दुसरा विजेचा, यात जाळीवर चिकटवलेली बारीक केबल येते, तिला मॅट म्हणतात, ती टाइलच्या लगेच खाली ॲडेसिव्हमध्येच बसते. दोन्हींना लोक अंडरफ्लोअर हीटिंगच म्हणतात, त्यामुळे सल्ला एकाचा आणि काम दुसऱ्याचं असा गोंधळ हमखास होतो, माझाही झाला.

अख्खं घर गरम करायचं असेल तर पाण्याचाच विचार करावा असं माझं मत. रेडिएटरला (भिंतीवर लावतात ते गरम पाण्याचे पॅनेल) 60-70 डिग्रीचं पाणी लागतं, इथे 35 ते 45 मध्ये भागतं कारण तापायला अख्खी जमीन मिळते, आणि हीट पंप (उलट्या एसीसारखं, बाहेरची ऊब आत आणणारं यंत्र) असेल तर पाणी जितकं कमी तापवायचं तितकी वीज कमी खातो, म्हणजे दोघांचं चांगलं जमतं. भिंतीवर रेडिएटर नाही, सोफा कुठेही लावा (खाली पाय असलेला बरा, जमिनीला चिकटून बसणारा ऊब अडवतो). पण मग उंची आली! खाली इन्सुलेशन, त्यावर पाइप, त्यावर सिमेंटचा कोबा साधारण 65-75 मिलिमीटर, म्हणजे सगळं धरून जमीन सहज दहा सेंटिमीटर वर येते. नवीन बांधकामात काही वाटत नाही, राहत्या घरात मात्र प्रत्येक दार खालून कापा, जिन्याची शेवटची पायरी बुटकी होणार, किचनचा ओटा खाली गेल्यासारखा वाटणार. कमी जाडीचे पॅनेल मिळतात पण त्यासाठीही जुनी फरशी बरोबर लेव्हलला हवी. शिवाय सिमेंटचा कोबा घातल्यावर निदान 21 दिवस हीटिंग चालू करायचं नाही, नंतरही आधी तीन दिवस 20-25 डिग्रीचंच पाणी, मग हळूहळू वर. घाई केली की तडे. आमच्यासारख्या सामानासकट राहणाऱ्या माणसांनी तोवर जायचं कुठे?

आणि एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, ती म्हणजे फरशी गरम लागत नाही. खरंच. राहत्या खोलीत फरशीचं तापमान 29 च्या वर जाऊ द्यायचं नसतं, लाकडी असेल तर साधारण 27 वरच थांबायचं, आणि आपल्या तळपायाची कातडीच त्याच्या आसपास असते. वर हिशोब असा की फरशी खोलीपेक्षा एक डिग्री जास्त असली की दर चौरस मीटरला साधारण 11 वॅट ऊब सोडते. घर चांगलं बंदिस्त असेल आणि 30-35 वॅटमध्ये भागत असेल तर फरशी खोलीपेक्षा फक्त तीन डिग्री वर ठेवावी लागते, म्हणजे 20 च्या खोलीत 23. ते पायाला "गरम" नाही लागत, फक्त "गार नाही" एवढंच लागतं. उलट जिथे फरशी छान उबदार लागते तिथे घरातून ऊब गळत असण्याची शक्यता जास्त. मी हे वाचलं तेव्हा जरा हिरमोडच झाला, मला तर उन्हात तापलेल्या गच्चीवर बसल्यासारखं हवं होतं.

आळशीपणा हा दुसरा प्रॉब्लेम. जाड कोबा तापायला तासन् तास घेतो आणि निवायलाही तेवढेच, त्यामुळे संध्याकाळी घरी येऊन बटण दाबलं आणि ऊब आली असं होत नाही, ते कमी तापमानावर चालूच ठेवायचं यंत्र आहे. ज्यांचं घर दिवसभर रिकामं असतं त्यांनी याचा नीट विचार करा.

शेवटी आम्ही फक्त बाथरूममध्ये, तेही विजेचं घातलं. चार चौरस मीटर मॅट, चौरस मीटरला 150 वॅट म्हणजे एकूण 600 वॅट. दोन तास सलग चाललं तरी 1.2 युनिट. खाली पातळ इन्सुलेशन बोर्ड घातलाय, त्याच्यावर कंजूषी करू नका, नाहीतर आधी खालचा स्लॅब तापतो आणि मग तुम्ही.

मॅट टाकायचा दिवस मला अजून आठवतो. जाळी कापून वळवायची, केबल कधीच कापायची नाही, एका वळणावर दुसरं वळण चढवायचं नाही, कमोडखाली अजिबात न्यायची नाही. केबल शाबूत आहे का बघायला इलेक्ट्रिशियनने मल्टीमीटर लावला, 88 ओहम; हा आकडा शेवटपर्यंत तोच राहायला हवा. मॅट अंथरून झाल्यावर परत लावला, 88. मग टाइलवाला दातेरी थापी घेऊन आत शिरला आणि ती थापी केबलवरून खर्र खर्र जाताना माझ्या पोटात गोळा, कारण तिथे एक ओरखडा पडला की वरची टाइल फोडल्याशिवाय इलाज नाही. सगळं झाल्यावर तिसऱ्यांदा लावला, 88. आई दारातून म्हणाली, एवढा पेपरचा रिझल्टसुद्धा नव्हता पाहिला कधी.

टाइल लावायच्या आधी मी मेझरिंग टेप जमिनीवर ठेवून फोटो काढून ठेवले होते, हे तेवढं शहाणपण केलं. फरशीचा सेन्सरही नळीत घातलाय, बिघडला तर ओढून बदलता येईल.

आता रोज पहाटे आपोआप चालू होतं, अर्ध्यापाऊण तासात पाय टेकवण्यासारखं होतं, आणि ओली फरशी पटकन सुकते, हा फायदा मी मोजलाच नव्हता. हॉल अजून गारच आहे, तिथे मोजे.

परवा दाराचा स्टॉपर लावायला आलेला माणूस ड्रिल लावून थेट फरशीत भोक पाडायच्या तयारीत होता, मी ओरडलोच, पळत जाऊन फोन आणला, फोटोत टेप बघून मोजलं तर बरोबर त्याच जागी केबलचं वळण. मग स्टॉपर चिकटवला. तो आत्तापर्यंत दोनदा निघून हातात आलाय.