बारशाला न गेलेली आत्या

रविवार, रात्री साडेदहा

सकाळी साडेसातला मी वहिनीला फोन केला आणि आज आम्ही येत नाही असे सांगितले. त्यावर ती ‘बरं, ताई’ म्हणाली. घडले ते एवढेच. पण त्या ‘बरं’चा वेग दिवसभरात मला काही केल्या गिळता आलेला नाही.

चिरंजीवांचे नाक परवापासून वाहते आहे, काल रात्री खोकला सुरू झाला आणि आज उजाडता थर्मामीटर ९९.४ दाखवत होता. शाळेचा दिवस असता तर मी त्याला घरी ठेवले असते की नाक पुसून पाठवले असते, हे इथे लिहीत नाही. आज शाळा नव्हती, बारसे होते, आणि पाळण्यात बारा दिवसांचे बाळ होते. त्यामुळे निर्णय अवघड नव्हताच. रात्री दोन वाजता त्याच्या घरघरणाऱ्या छातीवर हात ठेवून मी तो घेऊन टाकला होता. मात्र निर्णय मी घ्यावा, मीच कळवावा आणि समोरच्याने तो मोडून काढण्याचा थोडा तरी प्रयत्न करावा, अशी माझी मनातल्या मनात मांडणी होती. आपल्याकडे पंगतीत जिलबीला नको म्हटले तरी वाढपी दोनदा पुढे येतो. मी तर एकदाच नको म्हटले होते.

माझा आवाज घोगरा लागला असावा, कारण लगेच तिने विचारले, ‘तुमचाही घसा धरलाय का हो?’ रात्रभर तो माझ्या कुशीत होता आणि थेट माझ्या तोंडावर शिंकत होता. सर्दी दिसू लागण्याच्या आदल्या दिवशीही ती दुसऱ्याला लागू शकते, हे मला ठाऊक आहे. मी म्हणाले, ‘थोडासा.’ ती म्हणाली, ‘मग राहूच द्या.’ म्हणजे त्याला शेजारी ठेवून एकटीने जाण्याचा जो बेत मी अजून उच्चारलाही नव्हता, तोही तिने एका वाक्यात निकालात काढला.

नाव मला दादाने आठ दिवसांपूर्वीच सांगितले होते, आणि मी ते घरात कोणालाही कळू दिले नव्हते. भांडी घासताना, सिग्नलला स्कूटर थांबली असताना मी ते हळूच म्हणून पाहत होते. कुर्र केल्यावर कानाशी किती आवाजात म्हणायचे याचीसुद्धा तालीम झाली होती. आज ते चुलत बहिणीने म्हटले आणि पाठीतले बुक्केही तिनेच खाल्ले. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. आईने दिवसभरात फोन केला नाही, त्याबद्दलही आज नको.

एक गोष्ट मात्र इथे लिहूनच टाकते. त्या ‘बरं’नंतर दीड तासाने, म्हणजे ताप ९९.८ झाला तेव्हा, मी पॅरासिटामॉलची बाटली कपाटातून काढली होती. झबल्या-टोपऱ्याची पिशवी कालपासून दाराशी होती आणि पाळणा चार वाजता होता. गाडीत बसण्याआधी औषध दिले असते, तर खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत ताप उतरला असता, आणि साताऱ्यात त्याच्या कपाळाला हात लावून पाहणाऱ्या कोणालाही तो गार लागला असता. औषधाने ताप उतरतो, सर्दी कुठेही जात नाही, हे मी स्वतः इतर आयांना ऐकवलेले आहे. बाटली मी परत ठेवली, पण ती काढताना माझ्या डोळ्यांपुढे बाळ नव्हते. मला फक्त वहिनीचे ते ‘बरं’ खोटे पाडायचे होते.

अकराच्या सुमारास दादाचा फोन आला. ‘अगं, सर्दीच आहे ना? आणायचंस की त्याला. आपण नाही का असेच वाढलो?’ सकाळपासून मी ज्या आग्रहाची वाट पाहत होते तो हाच, अगदी शब्दशः, आणि तो कानावर पडताक्षणी मला दादाचा इतका राग आला की माझे मलाच नवल वाटले. बारा दिवसांच्या बाळाच्या बापाने इतके सैल असावे? तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तर घरी थांबायचे नसते, थेट डॉक्टरांकडे न्यायचे असते, हे त्याला कोणी सांगितलेच नाही का? मी त्याला तसे सुनावलेही. तो म्हणाला, ‘मग ती बरोबरच म्हणाली की.’ यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही उरले नाही.

दुपारी पोराला सुंठ-गूळ चाटवून झोपवले आणि तेव्हा, आठवायचे नसताना, ती संध्याकाळ आठवली. चिरंजीव तेव्हा चाळीस दिवसांचे होते. सहा आठवडेही भरलेले नव्हते, म्हणजे डांग्या खोकल्याची पहिली लसही व्हायची होती. सासरच्या नात्यातल्या एक बाई बाळ पाहायला आल्या. खोकत होत्या. ‘नुसता घसा आहे गं,’ असे म्हणून त्यांनी पदर नाकाला लावला, आणि पापा घेण्यासाठी तो तेवढ्यापुरता खाली केला. मी तिथेच, हातभर अंतरावर उभी होते. मी त्यांना विचारले, ‘चहा घेणार ना?’

त्यानंतरच्या तीन रात्री मी विसरलेले नाही. इतक्या लहान बाळाला श्वास मुख्यतः नाकानेच घेता येतो. नाक चोंदले की ते दोन घोट पिते, सोडते, रडते आणि दमून पुन्हा भुकेलेच झोपते. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास भरले तर रात्री-अपरात्रीसुद्धा घेऊन या, असे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे मी घड्याळासमोर बसून त्याचे श्वास मोजत होते. चौपन्न. अठ्ठावन्न. पुन्हा चौपन्न. प्रत्येक आकड्यागणिक मी त्या बाईंना शिव्या देत होते, आणि त्या काही वाईट नव्हत्या. त्यांना कोणी ‘नको’ म्हटले नव्हते, एवढेच. आजीच्या काळी सोयराच्या नावाखाली बाळंतिणीच्या खोलीत पहिले दहा दिवस परक्या माणसाला पाऊल टाकू देत नसत. आजीचे सगळेच मला पटते असे नाही, पण तेव्हा ‘नको’ म्हणण्याचे काम रूढी करत असे आणि बाळंतिणीचे तोंड शाबूत राहत असे.

वहिनीला ते काम स्वतः करावे लागले, तेही नणंदेला, आणि तिने ते एका शब्दात केले. मला तेव्हा चहा सुचला होता! कौतुक वाटायला हवे, आणि वाटतेही आहे. पण मध्ये निदान एक ‘अय्या, असं काय’ घालायला हरकत नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

संध्याकाळी फोटो आले. वरवंट्याला झबले घातलेले दिसले, गोविंद घ्या-गोपाळ घ्या करणाऱ्या बायका दिसल्या, घुगऱ्यांचे पातेले दिसले. वहिनीने खाली लिहिले होते, ‘तुमच्या वाटच्या घुगऱ्या काढून ठेवल्यात. त्याचा ताप कसा आहे?’ मी तो निरोप तीनदा वाचला. पाहिले तर ताप नव्हताच. पोरगे गादीवर उड्या मारत होते, आणि डोक्यावर बारशाचे टोपरे होते, जे त्याला कसेबसे टाळूपर्यंत येत होते. झबल्याने त्याने नाक पुसले होते.

दोन्ही गरम पाण्यातून काढली आहेत. ऑगस्टची हवा आहे, उद्यापर्यंत वाळत नाहीत. पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर पसरून ठेवली आहेत.