साखळी

आमच्या दारामागच्या खिळ्याला कुत्र्याची साखळी टांगलेली आहे. दोन वर्षांपूर्वी काटोलच्या बाजारातून आणली होती. फार तर दहा वेळा वापरली असेल. आता तिच्यावर छत्री अडकवलेली असते आणि ह्यांचा शेतात न्यायचा रुमाल.

जिच्यासाठी आणली ती बोंडी. दिवाळीनंतरची वेचणी झाली होती आणि भाव वाढेल या आशेवर आम्ही कापूस पुढच्या खोलीत भरून ठेवला होता, दरवर्षी ठेवतो तसा. एका पहाटे त्या ढिगावर पिल्लू झोपलेलं दिसलं. पांढरंफटक. नाकाचा काळा ठिपका नसता तर दिसलंही नसतं. कापसाचा भाव काही वाढला नाही, बोंडी वाढली.

वर्षाच्या आतच तिने घराचा नकाशा आपल्या पद्धतीने आखून घेतला. शेजारच्या गोठ्याची भिंत, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, बंडीचं धुरं, सगळं उडीच्या टप्प्यात. उन्हाळ्यात आत्याबाईंनी अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या, तर ही त्या बाजेवरून पलीकडे गेली आणि एका कुरडईलाही पाय लागला नाही. लागला असता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. नागपूरला शिकणारा पुतण्या तेव्हा सुट्टीत आलेला होता. तो म्हणाला, "काकू, हिले क्लास लावा."

क्लास पोरांना लावतात, दहावीला गणिताचा नाहीतर इंग्रजीचा. कुत्रीला लावतात हे आमच्या गावाला नवीन होतं. मलाही.

क्लास होता अ‍ॅजिलिटीचा. अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. आडव्या काठ्यांवरून उड्या, बोगद्यातून आरपार, उतरत्या छपरासारख्या फळ्यांवर चढून पलीकडे उतरणं, सी-सॉ, टांगलेलं टायर आणि ओळीने रोवलेल्या १२ खांबांमधून नागमोडी धाव. कुठल्या अडथळ्यानंतर कुठला, हे दर वेळी बदलतं, त्यामुळे कुत्र्याला पाठ करून चालत नाही. सोबत धावणाऱ्या माणसाने वाट दाखवायची. त्या माणसाने कुत्र्याला हात लावायचा नाही, अडथळ्याला लावायचा नाही, हातात खाऊ ठेवायचा नाही. गळ्यात दोरी तर नाहीच. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या मोठ्या श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधला वेळ भरायला म्हणून हा प्रकार पहिल्यांदा करून दाखवला, तोही घोड्यांच्या अडथळा-शर्यतीवरून उचलून. म्हणजे मधल्या सुट्टीतला खेळ. शाळेत नोकरी करणारीला हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडेही जे काही खरं शिकून होतं ते मधल्या सुट्टीतच.

नागपूरच्या बाहेरच्या अंगाला एका मोकळ्या प्लॉटवर रविवारी सकाळी तो क्लास भरायचा. घरापासून पन्नासेक किलोमीटर. एसटीत कुत्री कोण घेणार? ह्यांच्या संत्री वाहायच्या गाडीत मागे पोतं टाकून आम्ही दोघी जायचो. तिथे लॅब्राडोर, बीगल आणि एक बॉर्डर कॉली होती. मेंढ्या हाकणाऱ्यांची ही जात म्हणजे या खेळातली पहिल्या बाकावरची मुलगी. आमची बोंडी गावठी. एका बाईंनी विचारलं, "ब्रीड कोणती?" मी म्हटलं, "कापसातली."

सगळे कुत्र्यांशी इंग्रजी बोलत. मी आपली मराठीवर ठाम राहिले. कुत्र्याला भाषा कुठली हे महत्त्वाचं नाही, एका कामाला एकच आवाज पाहिजे, असं शिकवणाऱ्या मुलीनेही सांगितलं होतं. मग उडी, बोगदा, खांब, आणि खाली बसायला ‘बस’. हा शेवटचा शब्द निवडताना मी कुठे राहते याचा विचार केला नाही. आमच्या घरात दिवसातून वीस वेळा बस येते, जाते, चुकते. सकाळी हे दारातून विचारत, "बस गेली का?" आणि अंगणाच्या कोपऱ्यात बोंडी टुणकन बूड टेकायची आणि खाऊसाठी तोंड वर करायची. शेवटी ह्यांनी घरात ‘गाडी’ म्हणायला सुरुवात केली. कुत्रीचा शब्द बदलण्यापेक्षा ते सोपं गेलं.

क्लास आठवड्यातून एकदा. बाकीचे सहा दिवस घरामागच्या वाडीत. सामान विकत घ्यायला गेलं तर संत्र्याचा एक तोडा त्यात जाईल, म्हणून जे होतं ते वापरलं. आडव्या काठ्यांसाठी तुराट्या. विटांवर नुसत्या टेकवलेल्या, कारण पाय लागला की काठी पडलीच पाहिजे. काठी अडली तर कुत्रा पडतो. तुराटी हलकी आणि सरळ, या कामासाठीच उगवल्यासारखी. बोगदा साधारण ६० सेंटिमीटर रुंद लागतो, आणि पाणी भरायचं प्लास्टिकचं टिपाड जवळजवळ तेवढंच असतं. दोन फुटक्या टिपाडांचे बूड कापून ती एकाला एक जोडली आणि कापलेल्या कडांवर सायकलची जुनी ट्यूब चिरून बसवली. पडक्या घराची दोन दारं शेंड्याला बिजागऱ्यांनी जोडून छप्पर केलं. त्याच्या दोन्ही पायथ्यांना पिवळा पट्टा लागतो. उतरताना कुत्र्याचा पाय त्या पट्ट्यावर पडला पाहिजे. वरूनच झेप घेतली तर गुण जातात, आणि गुण गेले तरी चालतील, पुढच्या पायांचे सांधे जाऊ नयेत. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला पिवळा डबा माळ्यावर होता. तो कामी आला.

सुरुवातीचे काही महिने तुराट्या जमिनीवरच ठेवल्या होत्या. सव्वा वर्षाची होईपर्यंत उंच उडी नाही, हाडं अजून वाढताहेत, असं बजावलेलं होतं. कुरडयांच्या बाजेचं मी तिथे कोणाला सांगितलं नाही.

खांबांची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी. लदलेल्या संत्र्याच्या फांद्यांना टेकू द्यायचे बांबू मी ह्यांना न विचारता घेतले. दोन बांबूंमध्ये ६० सेंटिमीटर, असे १२. कुत्र्याने पहिल्या खांबाला डाव्या खांद्याशी ठेवून आत शिरायचं, मग एक खांब डावीकडे, एक उजवीकडे, मधला एकही गाळायचा नाही. हे एकदम शिकवता येत नाही. आधी खांबांच्या दोन रांगा करायच्या, एकाआड एक खांब या रांगेत आणि त्या रांगेत, मधे कुत्र्याच्या अंगाएवढी गल्ली. कुत्रा गल्लीतून सरळ धावतो, पलीकडे खाऊ मिळतो. दोन-चार दिवसांनी रांगा दोन बोटं जवळ आणायच्या. पुन्हा दोन बोटं. कुत्र्याला वाटतं आपण सरळच धावतोय, पण कमरेत एक बारीकशी लचक येऊ लागते. मग एक दिवस गल्ली उरत नाही, एकच ओळ उरते, आणि कुत्रा त्यातून शिवणीच्या टाक्यासारखा निघतो. आम्हाला या गल्लीला अडीच महिने लागले. त्यातले तीन आठवडे पावसाने खाल्ले. आमची माती काळी. पावसाळ्यात बांबू उभा केला तर तिरपा होतो, पाय ठेवला तर चपलेसकट आत राहतो. आणि उन्हाळ्यात तीच माती अशी भेगाळते की बांबू रोवायला पहारीची गरजच नाही, भेग शोधायची. पण उन्हाळ्यात रोवून करायचं काय? मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की सकाळी सातला जमीन तापलेली असते. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पायाच्या तळव्यांना, बाकी सगळी भिस्त जिभेवर. हाताची पालथी बाजू जमिनीवर टेकवून पाहायची, आपल्याला सोसत नसेल तर तिलाही नाही. म्हणून पहाटे पाचला, दहा मिनिटं, बास.

त्या दहा मिनिटांत आत्याबाई तुळशीला पाणी घालायला येत.

"काहून धावून रायली व तू तिच्या संगं?"

"शिकवते आहे, आत्याबाई."

"कायले? तिले काय पोलिसात भरती कराची हाय का?"

मला उत्तर सुचायचं नाही. आमच्याकडे प्रत्येक जनावराला काम आहे. बैल ओढतो, शेळी अडीनडीला पैसा देते, कुत्रा जागल करतो. बोंडी टिपाडात शिरून पलीकडून निघते, याला काम म्हणत नाहीत. वर आत्याबाई काठी घेऊन आलेल्या नसत, पोळीचा तुकडा घेऊन आलेल्या असत. बोंडीने काही न करताच तो तिला मिळायचा. पुढे माझ्या खाऊला कोण विचारतो?

शेजारच्यांच्या पाठीने तर आमची पुरती लाज काढली. ही एवढीशी शेळी. एके सकाळी कुंपणातून आली, दारांच्या छपरावर चढली, शेंड्यावर उभी राहून चहूकडे बघितलं, आणि उतरताना चारही पाय पिवळ्यावर ठेवून उतरली. बोंडीला तेच शिकवायला मला एक महिना लागला होता. सी-सॉच्या फळीवर तर ती दर दुपारी येऊन झुलायची. बोंडीला त्या फळीच्या ‘धप्प’ आवाजाची भीती वाटायची. कदाचित पाठीचं बघूनच तिची भीती गेली असेल, क्लासमध्ये मी ते श्रेय स्वतःकडे घेतलं.

पण खरी अडचण तिची नव्हतीच. क्लासमध्ये आम्ही वळणावर चुकायचो. मी ओरडायचे, "बोगदा! बोगदा!" आणि ती सरळ उडीवर जायची. सोळा वर्षं चौथीला शिकवते आहे, आवाजावर माझा विश्वास आहे. त्या शिकवणाऱ्या मुलीने आमचा एक फेरा मोबाइलवर काढला आणि मला दाखवला. "ताई, तोंडाने तुम्ही बोगदा म्हणताय. खांदे बघा." खांदे उडीकडे होते. पायही उडीकडे. बोंडीने अगदी इमानदारीने खांद्यांचं ऐकलं होतं. "आता एकदा तोंड बंद ठेवून धावा. चालू नका. धावा."

तोंड बंद ठेवणं एक वेळ जमेल. धावणं?

मी दहावीपर्यंत खो-खो खेळले. तालुक्याला गेले, जिल्ह्याला गेले. पाठलागाला लागलेल्याने खांदा ज्या दिशेला वळवला त्याच दिशेने जायचं, मागे फिरायचं असेल तर खांबाला वळसा घालून. खांदा उलटा वळला की शिट्टी. सर दिवसभर एकच ओरडायचे, "दिशा, दिशा!" आणि माझं खरं कौतुक व्हायचं ते पळतीत. आठ जणी मधल्या पाटीत एकाआड एक उलट तोंडं करून बसलेल्या, त्यांच्यामधून एकीला डावीकडे टाकत, एकीला उजवीकडे, या खांबापासून त्या खांबापर्यंत. त्याला साखळी म्हणतात. लग्नानंतर हे सगळं सांगायचाही प्रसंग आला नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपल्या मुलींनी जिंकला, तेव्हा मी स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून सामना बघत होते आणि पोळी करपली होती.

गावात बाई धावली तर आधी काहीतरी झालेलं असतं. गाय सुटली, एसटी निघाली, कोणाचं लेकरू पडलं, कोणी गेलं. लोक ओट्यावरून विचारतात, "काय झालं व?" काहीच न होता धावणारी बाई या गावात मी तरी पाहिलेली नव्हती. त्या रविवारी प्लॉटवर आजूबाजूला सगळे अनोळखी होते. मी ओढणी कमरेला खोचली आणि धावले. अंगाला सगळं आठवत होतं. गुडघ्याला तेवढं आठवत नव्हतं. वळणावर खांदा आधी फिरवला, आणि मागे बघितलंच नाही, खो देताना बघत नाहीत तसं. टिपाडापेक्षा कितीतरी लांब त्या क्लासच्या बोगद्यातून पावलांचा आवाज आला आणि बोंडी माझ्या डाव्या हाताशी होती.

त्यानंतर वाडीतही धावू लागले. पहिल्या आठवड्यात दोघी-तिघींनी कुंपणावरून विचारलं, काय झालं. मी बोंडीकडे बोट दाखवलं. म्हणजे माझ्यासाठी सबबीचं काम तरी ती करतच होती, आत्याबाईंना हे उत्तर देता आलं असतं. पुढे विचारणं बंद झालं.

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी शाळा सुटल्यावर पोरींना मैदानावर खो-खोला बसवलं होतं. बोंडी माझ्यामागे आली होती, ती येतेच. आठ पोरी ओळीत, एकाआड एक तोंड फिरवून. तिने त्या ओळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचे कान उभे राहिले. मी काहीही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती, माझा खांदा वळलेला होता.

मी पुढे, ती मागे. पहिली पोरगी डाव्या खांद्याशी, दुसरी उजव्या. तिसरीशी मला दम लागला, चौथीशी चप्पल निघाली. मागे पोरी किंचाळत होत्या, मी वळून बघितलं नाही. दुसऱ्या टोकाच्या खांबाला धरून थांबले तेव्हा बोंडी अजून पाचवीपाशीच होती. पाचवीच्या खिशात पोह्यांचा चिवडा होता.

"मॅडम, मॅडम, बोंडी मधल्या पाटीत बसली! फाउल!"