वैशाखातली तोडणी

२ मे २०२५, शुक्रवार

चैत्राच्या मध्यावर परसातली भेंडी सुरू झाली आणि तेव्हापासून घरात आज कोणती भाजी करायची हे ठरवण्याचा अधिकार आमच्याकडे राहिलेला नाही. बाजारातून भाजी आणणारा माणूस आपल्या गरजेप्रमाणे आणतो. परसातली भाजी मात्र तिच्या वेळेला तोडावी लागते, मग घरात दोनच माणसे असोत किंवा आदल्या दिवशीची भेंडी अजून संपलेली नसो. आज सकाळीही ऊन वर येण्याआधी तोडणी उरकली. पाटी भरल्यावर हे सगळे खाणार कोण, हा नेहमीचा प्रश्न पडला आणि नेहमीप्रमाणेच त्याचे उत्तर शेजारच्या दोन घरांत सापडले.

महाशिवरात्रीच्या आधी टोकलेली ही भेंडी ‘परभणी क्रांती’ आहे. मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हा वाण जुना असला तरी हळद्याला, म्हणजे पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या आणि पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या रोगाला, तो पुष्कळ प्रमाणात दाद देत नाही, आणि उन्हाळ्यात पांढरी माशी हटत नसल्यामुळे तो माझ्या पसंतीचा आहे. भेंडीचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. फिकट पिवळ्या पाकळ्या आणि आत तळाशी गर्द तांबडा डाग असे ते देखणे फूल असते, पण ते पाहत बसण्यापेक्षा त्याचा दिवस ध्यानात ठेवणे अधिक उपयोगाचे, कारण तिथून पाच-सहा दिवसांत शेंग तोडणीला येते आणि वैशाखाच्या उन्हात त्याहूनही लवकर निबर होऊ लागते. शेंडा बोटाने दाबल्यावर कट्कन मोडला तर भेंडी कोवळी. तो नुसता वाकून राहिला तर ती चुलीच्या नव्हे, बियाण्याच्या कामाची. भाजीवाल्यासमोर प्रत्येक भेंडीचा शेंडा मोडून पाहणाऱ्या बायकांना तो का रागावतो हे मला कळते, पण परीक्षा खरी तीच आहे.

एक दिवसाआड तोडणी चुकवायची नाही, यामागे कोवळेपणाइतकेच दुसरेही कारण आहे. झाडावर चार शेंगा जून झाल्या, त्यांत बी भरू लागले, की झाडाच्या दृष्टीने त्याचे काम झालेले असते. नवी कळी धरण्याची त्याला घाई उरत नाही. काकडी, दोडका, गवार या सगळ्यांचे हेच आहे. पानांआड लपलेली एखादी जाडजूड काकडी वेलाची ताकद खात राहते आणि आपण मात्र खताला दोष देतो. म्हणून तोडताना आधी पाने उचलून पाहावीत आणि मग समोर दिसणारे तोडावे. मोठ्या फळाचे कौतुक करण्याची आपल्याकडे रीत आहे. हातभर लांब दुधी घेऊन फोटो काढणारे अनेक जण पाहिले आहेत. मला विचाराल तर नखाने दाबल्यावर सालीत नख सहज रुतते, अंगावर अजून बारीक लव असते, तेवढाच दुधी खरा. त्यापुढे वाढतो तो आकार, चव नव्हे.

दुधीबाबत एक गोष्ट आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घरात नियमच करून टाकली आहे. “अगं, चिरलास की आधी चकती जिभेला लावून बघ, मग कढईत टाक.” उष्णता आणि पाण्याचा ताण यांमुळे काकडी कडू होते हे आपण जाणतोच, काकडीचा कडवटपणा देठाकडे आणि सालीखाली अधिक असतो, तेवढा भाग काढला की बहुधा काम भागते. कडू दुधी मात्र शिजवूनही निर्धोक होत नाही, तो सरळ टाकूनच द्यायचा असतो. कडू दुधीचा रस पिऊ नये असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही बजावले आहे. पाण्याचा ताण पडू नये म्हणून यंदा सगळ्या आळ्यांवर उसाच्या पाचटाचा जाड थर दिला आहे. त्यामुळे दुपारी आळ्यात हात घातला तरी खालची माती ओलसर लागते, आणि काकडी अजून तरी गोड आहे.

टोमॅटोचा न्याय वेगळा. ते झाडावर लालभडक होण्याची वाट पाहणे मे महिन्यात व्यर्थ आहे. पारा तिशीच्या बराच वर राहिला की फळात लाल रंग नीट धरत नाही, ते पिवळट नारिंगीच राहते, आणि पश्चिमेकडच्या अंगाला उन्हाने पांढरा चट्टा पडतो तो वेगळाच. शिवाय बुलबुल आपल्याआधी पोहोचतात. म्हणून तळाकडे किंचित गुलाबी छटा दिसली की तोडून घरात सावलीला टोपलीत पसरून ठेवते. तिथे ते सावकाश आणि एकसारखे लाल होतात. फ्रिजमध्ये टोमॅटो ठेवत नाही. भेंडी आणि काकडीही अगदी थंड कप्प्यात टिकत नाहीत, त्यांना डाग पडतात. भेंडी तर न धुता, कोरडीच कापडात गुंडाळून ठेवते आणि चिरण्याआधी धुऊन पुसून घेते.

दोडके आज चारच निघाले, पण कोवळे. त्यांच्या शिरा काढून आईंनी तीळ आणि सुके खोबरे घालून चटणी केली. भाजीपेक्षा तीच आधी संपली. नजरेतून सुटलेली एक जून काकडी होती, ती आईंनी धोंडसासाठी बाजूला काढली. त्यांचे माहेर रत्नागिरीकडचे, तेव्हा जून काकडी वाया जाऊ देणे त्यांना मंजूर नाही, आणि गूळ, तांदळाचा रवा आणि काकडीचा कीस यांतून जे तयार होते ते पाहता मलाही ते मंजूर नाही.

परवा अक्षय्य तृतीयेला मांडवाशेजारी आळी करून भोपळा आणि पावसाळी काकडीच्या बिया लावल्या. त्यांना जागा हवी म्हणून खालच्या वाफ्यातली गवार या महिनाअखेर काढावी लागेल. तोवर तिची तोडणी नेटाने करायची आहे, कारण शेंगेत दाणा हाताला लागू लागला की गवारीला धागा येतो आणि ओव्याची फोडणीही तिला वाचवू शकत नाही. बियाण्यासाठी भेंडीच्या जोमदार झाडांना लाल दोरा बांधला आहे. वाण संकरित नसल्यामुळे घरचे बी पुढच्या वर्षी चालेल. त्या झाडांच्या शेंगा तोडायच्या नाहीत असे मी घरात सर्वांना सांगितले आहे. आईंचे म्हणणे असे की तीन झाडे पुरेत, पाच कशाला अडवून ठेवायची. उद्या सकाळी दोन दोरे सोडावे लागतील असे दिसते.