तुम्ही विचारलंत म्हणून: कोणती दुर्बीण घेऊ?

दुर्बिणीतून पहिल्यांदा शनीची कडी पाहिलेला माणूस थोडा वेळ गप्प असतो आणि मग हमखास विचारतो, ‘मलाही घ्यायचीय. कोणती घेऊ?’ त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, ‘किती पट मोठं दाखवणारी हवी?’ खरं उत्तर या दुसऱ्या प्रश्नापाशीच अडतं, म्हणून आधी तो.

किती पट, हा दुर्बिणीचा गुणच नाही. दुर्बिणीच्या फोकल लेंथला (भिंग किंवा आरसा जितक्या अंतरावर प्रकाश एकवटतो ते अंतर) आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या बदलता येणाऱ्या भिंगाच्या, फोकल लेंथने भागलं की पट मिळते. १२०० मिमीच्या दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस लावला तर ४८ पट, १० मिमीचा लावला तर १२० पट. आयपीस बदलत गेलात की आकडा हवा तितका फुगवता येतो. प्रकाश मात्र तेवढाच राहतो; तो जास्त जागेत पसरतो, म्हणून चित्र मोठं होतं तसं अंधूकही होतं. भिंगाचा किंवा आरशाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट ही उपयोगी पटीची साधारण मर्यादा. ६० मिमीच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ५०० पट छापलेलं असेल तर ते खोकं तिथेच ठेवा. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार चंद्र पाहिले, ते सुमारे २० पटीच्या दुर्बिणीतून.

पाहायचा आकडा म्हणजे व्यास. प्रकाश गोळा होतो तो व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, त्यामुळे १५० मिमीचा आरसा ७० मिमीच्या भिंगाच्या साडेचार पट क्षेत्रफळाचा भरतो. याचा अर्थ डोळ्यांना कळतो तो शौरी तारकासमूहातल्या एम १३ या गोलाकार तारकागुच्छावर. ७० मिमीत तो धुक्याचा ठिपका असतो. १५० मिमीत, चांगल्या काळोखात, त्याच्या कडेचे तारे सुटे सुटे दिसायला लागतात.

पण व्यासाइतकाच महत्त्वाचा, आणि कुणीच विचारत नाही असा भाग आहे स्टँड. स्वस्तातल्या दुर्बिणींत काच बऱ्याचदा बरी असते, पण ट्रायपॉडचे पाय काटकुळे असतात. १२० पटीवर शनी लावलाय, थोडा फोकस सुधारावा म्हणून तुम्ही चाकाला बोट लावता आणि शनी थरथरायला लागतो. तो स्थिर होईपर्यंत थांबायचं, बघायचं, परत हात लावायचा. दरम्यान पृथ्वी फिरतेच आहे. १२० पटीला साध्या आयपीसमधून आकाशाचा जेमतेम अर्धा अंश दिसतो, म्हणजे एका कडेने आत आलेला ग्रह पावणेदोन मिनिटांत दुसऱ्या कडेने बाहेर जातो. त्यातली बरीचशी सेकंदं थरथर शमण्यातच गेली तर पाहायचं कधी? नव्या हौशी माणसाचा उत्साह मावळतो तो इथेच, आणि दोष मात्र तो स्वतःच्या डोळ्यांना देतो. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून शक्य असेल तिथे नळीला हलकी टिचकी मारून पाहा. चित्र एक-दोन सेकंदांत शांत झालं नाही, तर ती दुर्बीण घेऊ नका.

या अडचणीवर जॉन डॉब्सन या माणसाने उत्तर काढलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत तो संन्यासी होता. पुढे मठाबाहेर पडल्यावर तो स्वतः घडवलेल्या दुर्बिणी फुटपाथवर उभ्या करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र आणि ग्रह दाखवत असे. नळीखाली उंच ट्रायपॉड न देता त्याने प्लायवुडची बुटकी, जमिनीवर फिरणारी पेटी दिली. हाताने ढकलली की सरकते, सोडली की जागच्या जागी थांबते. या बैठकीला आज डॉब्सोनियन म्हणतात. बैठक साधी असल्यामुळे तुमचे पैसे आरशात जातात.

तर माझं उत्तर: पहिली दुर्बीण घ्यायची असेल तर १५० मिमीचा, म्हणजे सहा इंची, डॉब्सोनियन घ्या. उचलायला आणि ठेवायला जमणार असेल तर आठ इंची. जड वस्तू न्यायची-आणायची सोय नसेल तर मोठ्याचा मोह नको. जी घराबाहेर निघत नाही ती दुर्बीण कितीही मोठी असून काय उपयोग? तारे स्वतः शोधून देणाऱ्या संगणकी बैठकी आहेत, आणि उजेडाने भरलेल्या आकाशाखाली त्यांची मदतही होते. पण त्यांच्यापायी त्याच पैशात आरसा लहान मिळणार असेल तर मी मोठा आरसा निवडेन. दूरच्या तेजोमेघांचं छायाचित्रण हा वेगळाच खर्च आणि वेगळीच साधना, ती पहिल्या दुर्बिणीच्या डोक्यावर लादू नका.

अजून मन पक्कं नसेल, तर १०x५० चा, म्हणजे १० पट दाखवणारा आणि पुढची भिंगं ५० मिमीची असलेला, बायनॉक्युलर घ्या. मी हे तडजोड म्हणून सांगत नाही. देवयानी दीर्घिका छायाचित्रात तीन अंश पसरते, म्हणजे सहा पूर्णचंद्र शेजारी शेजारी ठेवावेत इतकी. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात तिचा गाभा तेवढा मावतो, तर काळ्या आकाशात बायनॉक्युलरमधून तिची लांबट आकृती आजूबाजूच्या ताऱ्यांसकट दिसते. २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश. कृत्तिकाही बायनॉक्युलरमध्येच जास्त देखण्या.

रंगांची अपेक्षा मात्र ठेवू नका. मृगातला तेजोमेघ राखाडी, फार तर किंचित हिरवट दिसतो, कारण मंद उजेडात डोळ्यातल्या रंग न ओळखणाऱ्या पेशीच काम करतात. त्या दृष्टीच्या मध्यापासून बाजूला दाट असतात, म्हणून अंधूक वस्तूकडे रोखून न बघता जरा शेजारी बघायचं. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि मोबाईलच्या एका झगमगाटात तो वाया जातो. लाल बॅटरी वापरा.

एक गोष्ट विनवून सांगतो. सूर्य पाहायचा असेल तर खास सूर्यासाठी बनवलेला फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसलेला हवा, आणि फाइंडरही, म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेली छोटी दुर्बीणही, झाकलेला हवा. आयपीसला लावायचा छोटा काळा फिल्टर कुणी दिला तर फेकून द्या. एकवटलेल्या उष्णतेने तो तडकतो आणि डोळा कायमचा जातो.

दुर्बीण आली की फाइंडर दिवसाउजेडी, सूर्याकडे पाठ करून, लांबच्या एखाद्या खांबावर जुळवून घ्या. रात्री आरसा बाहेरच्या हवेइतका गार होऊ द्या. सुरुवात सर्वांत जास्त मिलिमीटरच्या आयपीसने करा. चंद्र अष्टमीच्या आसपास पाहा, पौर्णिमेला नको, कारण विवरं उठून दिसतात ती सावल्यांमुळे. मग सप्तर्षींतल्या वसिष्ठाकडे वळा. शेजारची अरुंधती तुम्ही नुसत्या डोळ्यांनी पाहिलेलीच असेल. दुर्बिणीत वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांत सुटतो, आणि त्याला ५० पट पुरते.