बाजाची पेटी आणि आत्याचा प्रश्न

दर शनिवारी आत्याचा फोन येतो. सोलापुरात रात्रीचे साडेआठ, इथे अमेरिकेत न्यू हेवनमध्ये सकाळचे अकरा. प्रश्न ठरलेला. "शिक्षण झाल्यावर पाळकसाहेब होणार ना रे?" मी नाही म्हणतो. "मग चर्चमधल्या बायकांना सांगू तरी काय?"

तिचंही बरोबर आहे. ईश्वरविज्ञान शिकलेला माणूस पाळक होतो, एवढंच आपल्याकडे माहीत. मी येल विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट ऑफ सेक्रेड म्युझिकमध्ये, म्हणजे उपासनेच्या संगीताच्या संस्थेत आहे. न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, १९२८ साली सुरू झालेलं हे काम १९७३ मध्ये इथे आलं. उपासना कशी बांधायची, लोकांनी काय आणि का गायचं, हा आमचा अभ्यास. इथे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणं ही पगारी नोकरी असते. वादकांची १८९६ पासूनची संघटना आहे, तिच्या परीक्षा आहेत. बाबांनी चाळीस वर्षं चर्चमध्ये पेटी वाजवली, त्याबद्दल एक शाल मिळाली. तीही दुसऱ्या कुणाच्या सत्कारात उरलेली, असं आई म्हणायची.

तीच पेटी मी इकडे आणली. पहिल्याच जानेवारीत ती बिघडली. खोलीत हीटर, हवा ठणठणीत कोरडी. सुरांच्या फळीला केसाएवढी चीर गेली. भाता दाबला की सूर कमी, फुसफुस जास्त. ऑर्गनची देखभाल करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना दाखवली. त्यांनी झाकण काढलं, पितळेच्या जिभल्या बघितल्या आणि हसून म्हणाले, "ही तर आमच्याकडचीच!" मग पातळ चामड्याची पट्टी सरसाने चिकटवून दिली. पैसे घेतले नाहीत.

खोटं नव्हतं ते. हार्मोनियम पॅरिसची. आपल्याकडे ती पायाने दाबायच्या भात्याची आली. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला हातभाता दिला, म्हणून ती सतरंजीवर बसली. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं मी तिच्यावरच शिकलो. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पण मराठीत ख्रिस्ताला गाणं त्याहून फार जुनं. फादर स्टीफन्स या इंग्रज माणसाचं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. हे वर्गात सांगितलं तेव्हा दोघा-तिघांनी साल पुन्हा विचारलं.

मार्चमध्ये चॅपेलमधल्या उपासनेत टिळकांचं एक भजन घेतलं. सगळ्यांनी आधी छापील नोटेशन मागितलं. म्हटलं, कागद नाही, मी म्हणतो, मागून म्हणा. म्हणायला लागलेही, पण टाळ्या? मी समेवर, ते नेमके दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. तिसऱ्या कडव्यापर्यंत कोण कुणाला ओढतंय तेच कळेना. तरी गप्प कुणीच बसलं नाही.

नंतर आमच्या प्राध्यापिकेने विचारलं, "तुमच्याकडे रविवारी सकाळी हेच गातात?" नाही. सकाळी उभं राहून इंग्रजी चालीची गीतं. भजनं संध्याकाळी, कुणाच्या तरी घरी. "का?" मला धड उत्तर देता आलं नाही. सवय, एवढंच म्हणालो. आता त्याच प्रश्नावर प्रबंध लिहितोय.

काल आत्याला म्हटलं, "सांग, पेटी वाजवतो." "ते तर तुझे बाबापण करायचे की!" मग म्हणाली, "ऐकव बरं." फोन पेटीवर टेकवला. तिने तिकडे टाळ घेतले आणि गायला लागली. तिचा आवाज माझ्यापर्यंत अर्धी मात्रा उशिरा येत होता. थांबून वाट बघावी तर ती ओरडली, "अरे, वाजव की, थांबलास कशाला?"